टूरिस्टने न पाहिलेलं पान

ऑफिसात त्याला सगळे टूरिस्ट म्हणत. पासपोर्ट त्याच्याकडे नव्हता. विमान त्याने पाहिलं होतं ते खालूनच, आणि बसमध्ये पुढच्या माणसाच्या मानेवरचा घाम दिसू नये म्हणून तो अख्खा रस्ता खिडकीबाहेर बघत यायचा. तरीही रोज सकाळी दहापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत हा गृहस्थ खुर्चीवरून न उठता नऊ प्रदेश हिंडून यायचा.

कंपनी परदेशी, विजेचे शेकपट्टे विकायची. पट्टा कमरेला गुंडाळायचा, बटण दाबायचं, तो तापतो, कंबर जरा माणसात येते. वेबसाइट एकच, पण ज्या प्रदेशातून उघडावी तशी ती रूप बदलायची. भाषा तिथली, तारीख लिहायची पद्धत तिथली, तक्रारीचा फोन नंबर तिथला. ती खरंच तशी दिसते का, हे तिथे न जाता बघायचं म्हणजे टूरिस्टचं काम. त्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रदेशांची यादी होती. एक निवडला की वेबसाइटला वाटायचं, हा इसम तिथेच कुठेतरी बसलाय, आणि ती भाबडेपणाने त्याला तिथलं पान दाखवायची. टूरिस्ट ते वरपासून खालपर्यंत वाचायचा आणि शीटमध्ये त्या प्रदेशाची ओळ भरायचा. ओळीत दोन रकाने: 'काय दिसायला हवं' आणि 'काय दिसलं'. दोन्ही जुळले की पुढे 'बरोबर'. नऊ ओळींत नऊ 'बरोबर' आणि तळाशी त्याची सही, एवढं झाल्याशिवाय वेबसाइटवरचा कुठलाही बदल लोकांपुढे जात नसे.

पूर्वी तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. छापखाना बंद पडला, मशीन भंगारात गेली, पण डोळा शाबूत राहिला. त्या डोळ्याच्या जोरावर सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला ही नोकरी मिळाली होती. डोळा असा असला की त्याचा एक तोटा असतो. तो ऑफिस सुटल्यावरही मिटत नाही.

टूरिस्टला कशाचीही किळस यायची. आदल्या पाळीचा माणूस कीबोर्डवर बसून खायचा, त्यामुळे सकाळी बटणांच्या फटीत चुरा असायचा आणि चुऱ्यात कधी मिशीचा केस. टूरिस्ट घरून स्पिरिटची बाटली आणि कापूस आणायचा, एकेक बटण पुसायचा आणि पुसताना चेहरा असा करायचा की बघणाऱ्याला वाटावं, ह्याला आत्ता उलटी होणार. दुसरं कुणी नुकतंच उठून गेलेलं असलं तर खुर्चीत तो पाच मिनिटं बसत नसे. "दुसऱ्याच्या बुडाची ऊब मला नको," असं तो सरळ सांगायचा. आणि ज्या फोनच्या काचेवर दिवसभर बोटं घासायची, जेवताना, शिंकताना, कुठे कुठे, तसला फोन त्याने घेतलाच नव्हता. त्याच्याकडे जुना, बटणांचा, कोरडा फोन होता. घरी कॉम्प्युटरही नव्हता. आठ तास ऑफिसात बघतो तेच घरी कशाला, असा त्याचा सवाल.

वेबसाइटवरही त्याला किळस यायला पुरेसा माल होता. पहिल्या फोटोत एक हसरी बाई पट्टा बांधून सोफ्यावर बसलेली, मागे हसरा नवरा. प्रदेश बदलला की बाईचे केस बदलत, नवऱ्याची दाढी येई-जाई. सोफा तोच, हसू तेच. पट्टाही तोच, आणि त्याच्या कडेला चिकटलेला एक काळा केसही तोच. तो केस नऊही प्रदेशांत होता, अगदी सोनेरी केसांच्या बाईच्या कमरेवरसुद्धा. टूरिस्टने अकरा वेळा लिहून कळवलं होतं. अकरा वेळा उत्तर आलं, "पुढच्या वेळी बघू."

पाच महिन्यांपूर्वी पानाच्या डोक्यावर एक लाल चौकट आली. त्यात पट्ट्याच्या एका मॉडेलचा नंबर होता आणि खाली मजकूर: हा पट्टा ताबडतोब वापरायचा बंद करा, आतली तार उघडी पडून भाजण्याचा व आग लागण्याचा धोका आहे, फॉर्म भरा, नवा पट्टा घरपोच मिळेल. टूरिस्टने ती चौकट नऊ प्रदेशांत तपासली आणि नंबर त्याच्या ओळखीचा निघाला. हाच पट्टा दोन वर्षांपूर्वी कंपनीने कर्मचाऱ्यांना वाटला होता. त्याने तो नेऊन दिला होता आत्याला.

आत्या त्र्याहत्तर वर्षांची. त्याच्या बापाची थोरली बहीण, त्याला हिनेच वाढवलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहायची, आणि तिची कंबर तिच्यापेक्षा हट्टी होती. टूरिस्टने त्याच दुपारी तिला फोन लावला.

"आत्या, पट्टा उलटा कर आणि नंबर वाच."

तिने वाचला. तोच निघाला.

"आता तो वापरू नकोस. कंपनीनेच साइटवर लिहिलंय. अगदी वर, लाल चौकटीत."

"थांब, याच फोनवर बघते." बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "लाल काही नाही रे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. एक बाई हसतेय, मागे तिचा नवरा हसतोय. लाल म्हणशील तर तिचे ओठ तेवढे आहेत."

"अगं, मी रोज नऊ ठिकाणी बघतो ती चौकट! डोळे तपासून घे आधी."

आत्याने खरंच डोळे तपासून घेतले. नवा चष्मा केला आणि आठ दिवसांनी फोन केला. "आता त्या बाईचे दात मोजता येतात. चौकट नाही. तू उगाच घाबरवतोस. कंपनी गप्प आहे आणि तुझंच आपलं चाललंय."

तिचंही चुकत नव्हतं. लिहिलेलं असेल त्यावरच विश्वास ठेव, हे तिला आयुष्यभर ऐकवलं होतं ते ह्यानेच. त्याने ऑफिसातून तिच्या नावाने फॉर्म भरला. 'विनंती मिळाली' असं उत्तर आलं, पट्टा काही आला नाही. त्याने टपालखात्याला शिव्या घातल्या. गरम पाण्याची पिशवी नेऊन दिली. ती गळते म्हणून आत्याने फ्रीजवर टाकून दिली. दर रविवारी तो पट्टा मागायचा आणि ती म्हणायची, "नवा आण, मग जुना ने. तोवर काय तुझ्या उपदेशाने शेकू?" एकदा तिने स्वतःचा फोन त्याच्यापुढे धरला होता. "घे, तूच बघ कुठे आहे तुझी चौकट." फोनच्या काचेवर कणकेची बोटं उठली होती आणि एका कोपऱ्यात तेल चमकत होतं. टूरिस्टने हात मागे घेतला. "आधी पूस तो," म्हणाला. ती पुसायला उठली नाही, ह्याने हात लावला नाही, आणि विषय चहावर गेला.

असे पाच महिने गेले.

एका बुधवारी दुपारी आत्याचा फोन आला. आवाज नेहमीचा, पण वाक्यं आखूड. "चादर जळाली जराशी. घाबरू नकोस. मीच मेली त्याच्यावर झोपले."

टूरिस्ट अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला. जिन्यातच वास आला, जळलेल्या फोमचा, गोडसर, घशाला चिकटणारा. चादरीला ताटाएवढं भोक पडलेलं, पट्ट्याची कड वितळून त्यातून तार बाहेर आलेली. आत्या पालथी पडली होती. दवाखान्यात जाऊन आली होती, पण पट्टीच्या कडेने कातडी दिसत होती, लाल, ओली, चकाकणारी. तळहाताएवढी. टूरिस्ट मोरीत जाऊन ओकला.

बाहेर आल्यावर त्याने उशाजवळचा फोन उचलला. पुसला नाही. तेलात बोट टेकवून त्याने वेबसाइट उघडली आणि या कंपनीत चार वर्षं काढल्यावर पहिल्यांदा आपल्या स्वतःच्या प्रदेशातलं पान पाहिलं.

लाल चौकट नव्हती, फॉर्मही नव्हता. तक्रारीच्या नंबराच्या जागी 'आम्हाला लिहा' असं होतं, आणि त्यावर दाबलं की काहीच उघडत नव्हतं. बाई मात्र होती, सोफ्यासकट. तिच्या शेजारी मोठ्या अक्षरांत: 'घराघरातल्या विश्वासाची ऊब. मोठी सवलत, शेवटचे काही नग.' खाली बारीक टायपात मॉडेलचा नंबर. त्याने पट्टा उलटा करून पडताळला. तोच. नऊ प्रदेशांतून लोकांच्या घरून परत मागवलेला माल इथे सवलतीत चालला होता.

"दिसली का रे चौकट?" आत्याने उशीत तोंड ठेवूनच विचारलं.

"नाही."

"मग! माझ्या डोळ्यांना उगाच बोल लावलेस."

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला तो थेट फोनवालीच्या टेबलापाशी गेला. फोनवाली म्हणजे त्याच्या शेजारची टेस्टर, साधारण तिशीची. तिच्या खणात चौदा फोन असत आणि एकाच पानाची चौदा तोंडं ती दिवसभर बघायची.

"प्रदेश निवडलाच नाही तर आपल्याला कुठलं पान दिसतं?" त्याने विचारलं.

"मुख्य ऑफिसच्या देशातलं. आपली इंटरनेटची लाइनच तिथून बाहेर पडते ना."

"म्हणजे आपल्याकडचं पान..."

"या इमारतीत कुणालाच दिसत नाही. दिसणार कसं?" ती थांबली. "का हो? तुम्ही ते बघत नव्हता?"

"यादीत नाहीये."

"मला वाटायचं, तुम्ही बघत असाल. नऊ दूरदूरचे बघता म्हटल्यावर घरचा तर बघतच असाल."

आणि त्याला वाटायचं, घरचा आपोआप बघितला जात असेल, सगळे इथेच तर बसतात. चार वर्षं प्रत्येकाला असंच काहीतरी वाटत राहिलं होतं.

मग तो मऊसाहेबांकडे गेला. हे टीमचे प्रमुख. वयाने टूरिस्टपेक्षा दहा वर्षांनी लहान, आवाज लोण्यासारखा, आणि 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. ते टेबलावर कागद पसरून नखं कापत होते. नखाचा एक तुकडा उडून टूरिस्टच्या बाहीवर पडला. एरवी त्याने शर्टच बदलला असता. आज नुसता झटकला.

त्याने सगळं सांगितलं. आत्या, चादर, पाठ, पान.

"अरेरे," मऊसाहेब म्हणाले. "आता कशा आहेत त्या? काळजी घ्या हं." कट्‌. "पण असं आहे बघा, ते तसंच अपेक्षित आहे."

"काय तसंच अपेक्षित आहे?"

"त्या नऊ ठिकाणी सरकारने चौकट टाकायला लावली. आपल्याकडे कुणी लावली नाही. न सांगता आपण होऊन टाकली तर वरचे मला विचारतील, कुणी सांगितलं होतं?" कट्‌.

"मी सांगतोय."

मऊसाहेब गोड हसले. "तुम्ही चुका दाखवा ना, तेच तुमचं काम. आपला प्रदेश यादीत नव्हता ही मात्र खरी चूक. मोठी चूक. आजच दुरुस्त करतो."

आणि त्यांनी दुरुस्त केली. शुक्रवारी सकाळी शीटमध्ये दहावी ओळ आली होती. प्रदेशाच्या रकान्यात 'आपला'. 'काय दिसायला हवं' या रकान्यात लिहिलं होतं: 'लाल चौकट दिसू नये. सवलत ठळक दिसावी.'

टूरिस्ट ती ओळ बघत बसला. त्याच दिवशी पाच वाजता आपल्याकडच्या पानावर सवलतीची नवी जाहिरात चढायची होती, पहिल्या पानभर, आणखी मोठ्या अक्षरांत. त्याची सही झाली की ती जाणार. सकाळी मुद्दाम त्याच्यासाठी इथल्याच इंटरनेटची वेगळी लाइन जोडून दिली होती, म्हणजे आपल्या प्रदेशाचं पान त्याला टेबलावरच दिसावं. दिसत होतं. चौकट नव्हती, सवलत ठळक होती. रकान्याला रकाना तंतोतंत जुळत होता. त्याच्या धंद्याच्या नियमाने 'बरोबर' लिहायला काहीच हरकत नव्हती, आणि त्याच गोष्टीने त्याच्या अंगावर अळी चढल्यासारखं झालं. छापखान्यात चुकीचे शब्द भेटायचे, कधी गाळलेल्या ओळी. इथे चूक आधीच 'हवं'च्या रकान्यात, स्वच्छ टायपात, बिनचूक बसवलेली होती.

त्याने 'काय दिसलं'मध्ये टाइप केलं: 'चौकट दिसली नाही. म्हणून एका त्र्याहत्तर वर्षांच्या बाईने पट्टा पाच महिने वापरला. पाठ भाजली, तळहाताएवढी. हाच पट्टा या पानावर विकला जात आहे.' पुढे लिहिलं, 'चूक'.

दहा मिनिटांत मऊसाहेब खुर्चीमागे येऊन उभे. "हा रकाना गोष्टी लिहायचा नाही हो."

"गोष्ट नाहीये ती. दिसलं ते लिहिलं."

"तुम्ही भावनेच्या भरात आहात. मला समजतं. असं करू, तुम्हाला त्रास होतोय ना, दहावी ओळच काढून टाकू." त्यांनी पुढे वाकून माउस हातात घेतला. अर्धवट कापलेली नखं टूरिस्टच्या अगदी नाकासमोरून गेली. ओळ निवडली, बटण दाबलं, ओळ गेली. "झालं. उरल्या नऊ. त्या नऊ तर बरोबर आहेत ना?"

"आहेत."

"मग नवांवर सही करा. त्यात एक अक्षर खोटं नाही."

खरंच नव्हतं. हेच सगळ्यांत ओंगळ होतं. टूरिस्टने सहीच्या चौकोनाकडे बघितलं. या माणसाने चार वर्षांत एकदाही खोटं 'बरोबर' लिहिलेलं नव्हतं. त्याच्याजवळ मिरवण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती, आणि मऊसाहेब तीच वापरायला मागत होते.

"साहेब, छापखान्यात मी पानापानावर सही करत नव्हतो," तो म्हणाला. "शेवटी एकच करायचो. तिचा अर्थ व्हायचा, 'छापा'. ही सही केली की पाच वाजता ती जाहिरात चढणार. ती चढावी असं मी म्हणत नाही. म्हणजे सही नाही."

"अहो, तुमच्या सहीवाचून थोडंच अडणार आहे?"

"मग मागता कशाला?"

आजूबाजूची चार टेबलं एकदम फार कामात बुडाली. मऊसाहेबांचा आवाज तरीही लोण्याचाच राहिला. "ठीक आहे. सोमवारपासून तुम्ही दुसरं काही बघा. मी विचार करतो काय द्यायचं. फोनवाल्या ताई, जरा या हो इकडे. नऊ ओळी आहेत फक्त."

फोनवाली आली. टूरिस्टकडे तिने पाहिलं नाही. उभ्यानेच नऊ ओळी वाचल्या, खरंच वाचल्या, आणि सही केली. तिची किळस यायला हवी होती, पण आज किळस येण्यासारख्यांची रांग लांब होती आणि तिचा नंबर फार मागे होता. टूरिस्टने खणातून कापूस घेतला, स्पिरिटची बाटली घेतली, मऊसाहेबांचा हात लागलेला माउस पुसला नाही. "सोमवारी येणार नाही," एवढंच म्हणाला आणि जिना उतरला. खालच्या टपरीवरच्या एकाच्या फोनवर त्याला सव्वापाचला ती जाहिरात दिसली. चढली होती.

तो बसने तसाच आत्याकडे गेला. ती आता भिंतीला उशी लावून एका कुशीवर कलून बसली होती. वितळलेला पट्टा पलंगाखाली होता. फेकला नव्हता. वायरीपुरता दुरुस्त करून मिळतो का, हे ती विचारणार होती.

"आज शुक्रवारी कसा उगवलास?"

"नोकरी सोडली."

"काय?" आत्या उठायला गेली आणि कळवळून परत टेकली. "वेड लागलंय का? कशापायी?"

त्याने सांगितलं. सगळं, दहाव्या ओळीसकट. आत्या ऐकत राहिली. मधे एकदाच विचारलं, "म्हणजे तिकडच्या लोकांना दिसते चौकट?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि आपल्याला नाही."

"नाही."

आत्याने चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "छापखान्यात एका काना-मात्रेसाठी तू मालकाशी भांडायचास, पण कधी नोकरी सोडली नाहीस. ज्या अर्थी सोडलीस त्या अर्थी खरं असणार." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे मी झोपले म्हणून नाही जळालं?"

"झोपली असशील. शेकायच्या पट्ट्यावर डोळा लागला म्हणून माणूस भाजायला नको, आत्या."

"दोन दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय." तिने तोंड असं केलं की क्षणभर ती हुबेहूब भाच्यासारखी दिसली. "थुत्‌ त्यांच्या तोंडावर. हात दे मला."

"कुठे निघालीस?"

"सवलत आहे म्हणून मी या जिन्यातल्या तिघींना घ्यायला लावलाय. माझा भाचा स्वतः तपासतो, डोळे मिटून घ्या, असं सांगून. धर हात."

"तू बस. मी सांगून येतो."

"तुझं कोण ऐकणार? त्या साइट उघडून दाखवतील तुला. मी पाठ दाखवीन."

एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरून दोघं खाली उतरले. कठडा चिकट होता, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांचा. टूरिस्टने तो घट्ट धरला, कारण दुसऱ्या हातावर आत्याचा सगळा भार होता. दुसऱ्या मजल्यावरचं पहिलं दार वाजवलं. आतून पाय ओढत कुणीतरी आलं, कडी निघाली. शेजारीण दारात उभी राहिली, कमरेला पट्टा, मागे वायर भिंतीपर्यंत ताणलेली.

"अगंबाई, तुम्ही? अशा अवस्थेत? आत या, बसा, काय झालं?"

"आधी ते काढ," आत्या म्हणाली. "मग सांगते."